दाखवायच्या पोळ्या

आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर बोलण्याआधी घसा खाकरतात आणि शर्टाची बाही खाली ओढतात. जपानमधल्या मुलांशी व्हिडिओ कॉल ठरला, तेव्हा त्यांनी केजच्या घरून पुरणपोळ्या करवून आणल्या. पोरांना दम दिला, "हात लावायचा न्हाई. दाखवायच्यात."

तिकडून इंग्रजीत विचारलं, आज सकाळी काय खाल्लं? सरांनी ते मराठीत सांगितलं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "रातची भाकर आन् चटणी."

सरांनी खाकरून इंग्रजीत सांगितलं, पुरणपोळी. मी गणित शिकवतो, पण मला इंग्रजी कळतं. मीही मान डोलावली.

मग तिकडच्या मुलानं हसत आपला डबा दाखवला. कालचा उरलेला भात आहे, म्हणाला. ते मुलांना मराठीत मीच सांगितलं.

कॉल संपल्यावर त्या मुलीनं विचारलं, "सर, त्यानं शिळं कावून दाखवलं?"

सरांनी घसा खाकरला, शर्टाची बाही खाली ओढली. मी खाली बघत पोळ्या वाटायला लागलो.