जनामावशींचा घास

आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगमधलं कुणी प्रवासाला निघालं, की तळमजल्यावरच्या जनामावशी जेवायच्या थांबायच्या. कुणी पुण्याला जावो नाहीतर नुसतं शेजारच्या कोन गावापर्यंत, ‘पोचलो’ असा फोन येईपर्यंत त्या तोंडात घास घालत नसत. त्यात मधुमेह, रोजचं इन्शुलिन. उपाशी राहणं म्हणजे जिवाशी खेळ. एकदा माझ्या देखत त्या जिन्यात घेरी येऊन पडल्या. तेव्हापासून मी पोचायच्या आधीच ‘पोचले’ म्हणून फोन ठोकून द्यायची.

त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. वडील आणि भाऊ होडी घेऊन खाडीत मासेमारीला जायचे. “आमच्यात होरी परत येईपर्यंत काठावरच्यानं खायाचं नाय. मी बारकी होते गो. भूक लागली, भाकरीचा तुकडा खाल्ला. बाबा आला, दादा नाय आला.” एवढं बोलून त्या मेथी निवडायला लागल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं त्यांना थायलंडच्या सहलीला पाठवलं आणि सोबतीला मला. एका मोकळ्या दिवशी आम्ही दोघीच बँकॉकजवळच्या नदीकाठच्या वस्तीत गेलो. बाजारात सुक्या मासळीचे ढीग बघून मावशी खूश. “आपल्या उरनसारखंच हाय की सगलं!” नारळाच्या दुधातले आप्प्यांसारखे गोड पदार्थ गरमागरम निघत होते, ते मी त्यांना डब्यात घेऊन दिले. मला बघायचे होते ते लाल मातीच्या मडक्यांवर नक्षी कोरणारे कुंभार मात्र समोरच्या बेटावर. पाणी म्हटलं की मावशींचे हातपाय गार पडायचे. “तू जा गो. मी हितंच बसते.” सकाळचं इन्शुलिन झालं होतं. “लगेच खा हं,” असं बजावून मी होडीत चढले.

नदीच्या मधोमध आल्यावर माझ्या लक्षात आलं. मी पाण्यावर होते आणि त्या काठावर.

मग कसली मडकी नि कसली नक्षी! बेटावर उतरले ती तशीच परतीच्या होडीत बसले. अर्ध्या वाटेत तिचं इंजिन बंद पडलं. होडी प्रवाहाबरोबर भलतीकडे सरकू लागली. नावाडी दोरी ओढतोय आणि माझ्याकडे बघून हसतोय. धक्क्यावर मावशी दिसत होत्या. भर उन्हात उभ्या, डबा छातीशी धरलेला. “मावशी, खा!” मी घसा फोडून ओरडले. त्यांना वाटलं मी बुडतेय. त्या धक्क्याच्या कडेपर्यंत आल्या, आणि त्यांचा तोल जाताना मला दिसला. आयुष्यात इतकी मी कधीच घाबरले नव्हते.

कुणीतरी त्यांना सावरलं. इंजिन सुरू झालं. मी पोचले तेव्हा त्या घामानं निथळत होत्या, हात लटलट कापत होते. डबा बंदच. मी रडत, रागावत त्यांच्या तोंडात एकेक घास कोंबला. चावता चावता त्या म्हणाल्या, “वरडतेस कशाला? आलीस ना तू?”

यंदा पनवेलच्या एका हॉस्पिटलात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना त्यांनी माझा हात सोडला नाही. “मला भ्या वाटतं गो. तू भाईर हायस ना?”

मी बाहेरच होते. त्यांच्या सुनेनं दुपारी डबा पुढे केला. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण झाकणाला हात लावायचा मला धीर झाला नाही. चहा नाही, बिस्किट नाही. जीव मुठीत धरून मी त्या बंद दाराकडे बघत राहिले.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. मावशी गेल्या होत्या.

मी दिवसभर काहीही खाल्लं नव्हतं, तरी गेल्या. म्हणजे दादा त्या भाकरीच्या तुकड्यामुळे गेला नव्हता. जन्मभर त्या उगाच उपाशी राहिल्या. हे मला त्यांना आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं.