मरीआईचा कोंबडा, बकुळाच्या काखेत

परळच्या चाळीमागे, नळाच्या पलीकडे, बकुळानं खोक्याच्या फळ्या ठोकून खुराडं केलं होतं. त्यात सात कोंबड्या तिच्या, आणि एक तांबडा कोंबडा मरीआईचा. लेक तापानं फणफणली तेव्हा सासरच्या गावच्या देवीला तो नवस म्हणून बोललेला. चैत्रातल्या जत्रेत त्याची मान पडायची होती.

पण मधेच छप्पन सालचा दसरा आला. बकुळाचा नवरा सीताराम गिरणीतनं रजा काढून नागपूरला गेला आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतला. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "आता नवस न्हाई, बळी न्हाई. कोंबड्याचा रस्साच कर रविवारी."

बकुळा उसळली. "देवीच्या तोंडातनं काढला, तो आपल्या तोंडात घालायला व्हय?"

कोंबडा वाचला. वाचला आणि माजला!

थंडी सरता सरता नळावर जायची सोय राहिली नाही. पंख जमिनीला घासत, मानेची पिसं फुलवून तो धावून यायचा. बायका हंडे टाकून पळायच्या. कोंबड्यांच्या पाठी त्यानं सोलून काढल्या. एका सोमवारी वरच्या मजल्यावरच्या गुणाजीच्या पोटरीत त्यानं पायामागचा काटाच घुसवला. रक्ताळलेला पाय घेऊन गुणाजी दारात उभा.

"बकुळावयनी, आयतवारापर्यंत बघतलंय. नायतर सुरी घेवन मीच येतलंय!"

त्या दिवशी बकुळा खुराड्यापाशी बसून नुसती बघत राहिली. पळेल त्याच्या मागे कोंबडा लागत होता. लाथ मारेल त्याच्याशी दुप्पट भांडत होता. म्हातारी दुर्गाआजी मात्र काठी टेकत संथपणे समोरून गेली, तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. बकुळाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला भीती दिसते, आणि भांडण हवं असतं. दोन्ही द्यायचं नाही!

मंगळवारी सकाळी तिनं खुराड्याचं दार उघडलं आणि पाय रोवून उभी राहिली. कोंबडा आला. लुगड्यावर चोच बसली. ती हलली नाही. त्यानं दुसरी उडी घेतली तशी तिनं दोन्ही पंखांसकट त्याला धरला, काखेत घातला आणि तळव्यानं त्याची मान हलकेच खाली दाबून ठेवली. त्याचं काळीज तिच्या बरगड्यांवर धडधडत होतं. तिचंही काही कमी नव्हतं! बऱ्याच वेळानं तो सैल पडला. मग त्याला तसाच घेऊन ती वाण्याकडे गेली.

रोज तेच. काखेत कोंबडा घेऊन ती भाजी आणायला जाई, दळणाच्या रांगेत उभी राही. पोरं मागनं ओरडायची, "मरीआई चालली!"

शुक्रवारी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चाळीवरनं निघाला. निवडणुकीचे दिवस, रस्ता माणसांनी फुलला होता. सीताराम पुढच्या रांगेत. बकुळा कोंबड्यासकट बायकांच्या घोळक्यात शिरली. "झालाच पाहिजे!" हजार गळे एकदम उठले. कोंबडा थरथरला, त्यानं तिच्या दंडाखाली डोकं खुपसलं, आणि लालबागच्या नाक्यापर्यंत तिथंच ठेवलं. तिनंही घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

रविवार उजाडला. सगळी चाळ गॅलरीत. गुणाजी सुरी घेऊनच उतरला.

"सुरी ठेवा खाली, भाऊ. आन् पळू नका. काय बी झालं तरी पळायचं न्हाई!"

बकुळानं खुराड्याचं दार उघडलं. कोंबडा निघाला. पंख खाली, मान फुगलेली. गुणाजीनं डोळे मिटले. चार हात, दोन हात... कोंबडा थबकला. तिरका चालला. आपल्याला दाणाच टिपायचा होता असं दाखवत त्यानं मातीत चोच मारली आणि वळून कोंबड्यांत गेला.

गॅलरीत एकच कल्ला! गुणाजीनं एक डोळा उघडला. "गेलो तो?"

"गेला!" म्हणत बकुळा तिथंच हसत खाली बसली.

आठ दिवसांत वडाळ्याहून जाईबाई नावाची अनोळखी बाई तिला शोधत आली. तिची कोंबडी घातलेलं अंडं स्वतःच फोडून खात होती. कुणी तरी सांगितलं होतं, परळच्या बकुळाबाईला विचारा. बकुळाबाई! चाळीत आजवर तिला कुणी असं म्हटलं नव्हतं.

"किती दिस झाले खाती?" तिनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत चपला पायात अडकवून ती जाईबाईच्या पुढे जिना उतरूही लागली.