टिकारामनं बांधलेली शर्यतीची मोटार

तिरोड्याच्या आसपास टिकाराम वाढई, जातिवंत सुतार, म्हणजे चाकांचा राजा. त्याच्या हातची गाडी बापानं घ्यावी आणि नातवानं हाकावी. गडी गुणी होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

छत्तीस साली गावच्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदाराला, मोटारींच्या शर्यतीचं वेड लागलं. त्यानं विलायती मासिकातलं एक चित्र आणि एक जुनी मोटार टिकारामपुढं टाकली. टिकारामनं आठ दिवस नुसतं चित्र पाहिलं. मग दारं, छत, चाकांवरचे पत्रे, सगळं उतरवलं. सांगाडा खाली आणला, कारण ओझं जमिनीजवळ असलं की गाडी वळणावर कलंडत नाही, हे त्याला बैलगाडीनं शिकवलं होतं. अंग एकच माणूस मावेल इतकं अरुंद केलं, चारी चाकं उघडी आणि अंगापासून लांब ठेवली. शिकल्यासवरल्यांनी तोंडात बोटं घातली.

ती चालवणार होता त्याचा जावई शिवलाल, मालगुजाराचा ड्रायव्हर. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यानं पुढचं चाक धरून हलवलं.

"मामाजी, चाक हलून राहिलं. नट आवळा ना."

"जवाईबापू, वाढयाले चाक शिकवता? आसावर चाक मोकळंच पायजे. जखडलं का बैल मरते."

"इथं बैल कुठी हाय?"

टिकाराम हसला आणि नट तसाच राहू दिला. मोटारीच्या चाकात लोखंडी छर्रे असतात, ते ढिले राहिले की वेगात एकमेकांना चुरडतात, हे त्याला माहीत नव्हतं. ज्याला शंका आली होती, त्याचं त्यानं ऐकलं नाही. कर्म त्याचं!

शर्यतीत दोन मैल मोटार सुसाट गेली. नाल्याच्या वळणावर डावं चाक निखळून शेजारच्या शेतात, धानाच्या बांधीत गेलं, मोटार उलटली आणि शिवलाल तिच्याखाली जागीच गेला.

टिकारामनं चाक शोधलं, आत बोट घातलं. छर्ऱ्यांचा भुगा हाताला लागला. त्याला सगळं कळलं. त्यानं बोट धोतराला पुसलं. "पोरगा वळणावर माजला," मालगुजार म्हणाला, आणि गावही तेच बोलू लागलं.

दहाव्याला शिवलालची आई देवकाबाई सगळ्यांसमोर रडली. "माह्याच पोराची चूक. त्यानंच सुनेचं कपाळ पांढरं केलं."

टिकारामची लेक सुखवंता खाली मान घालून ऐकत होती. आता मात्र बापाला राहवलं नाही.

"त्याची चूक नाही, इहिनबाई. चाक म्या ढिल्लं ठेवलं होतं."

सुखवंतानं मान वर केली. "त्यायनं तुमाले सांगतलं नव्हतं, बाबूजी?"

"सांगतलं होतं."

दहावा झाला की विधवा लेकीला बापानं माहेरी न्यायची रीत. टिकाराम बैलगाडी जुंपून दारात उभा राहिला. सुखवंता सासूजवळून उठली नाही. दिवस कलला तेव्हा तो रिकामी गाडी घेऊन परतला. पुढं तो अकरा वर्षं जगला, आणि दरवर्षी त्या दारात गाडी घेऊन जात राहिला.