जोत्यात भरलेली काळी माती

सांगलीत आम्ही सात-आठ बांधकाम ठेकेदार रोज सकाळी एकाच टपरीवर चहा प्यायचो. जगातल्या सगळ्या गप्पा व्हायच्या, कामाच्या सोडून. तुमचा स्लॅब गळत कसा नाही, असं कुणी विचारलं की समोरचा बशीतला चहा फुंकत बसायचा. एकाच्या साइटवर दुसरा गेला, तर गवंडी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. याला आम्ही धंदा म्हणायचो. आज त्याची किळस येते.

सत्तरच्या दशकात साताऱ्याहून एक ठेकेदार आमच्याकडे कामं घ्यायला आला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, सरळ माणूस. टपरीवर सगळ्यांदेखत त्यानं मला विचारलं, "आवं, हितली नदीची वाळू धुवून घ्यावी लागती का?"

त्या वाळूत गाळ असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "छ्या! नुसती चाळली की झालं."

वर्षभरात त्यानं बांधलेल्या गोदामाचं प्लास्टर पोपडे धरून खाली आलं. टपरीवर आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यांत जास्त मी.

पुढे त्याला गावाबाहेर एका निवृत्त सुभेदारांच्या घराचं काम मिळालं. एकदा मोटारसायकलवरून जाताना सहज नजर टाकली. पाया चांगला खोल, खालच्या मुरमापर्यंत नेलेला, दगडकामही देखणं. पण पायातून निघालेली काळी माती मजूर परत जोत्यात भरत होते. त्याच्याकडच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत ते खपून जातं. आमची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. फरशी उचलते, भिंती ढकलते. गाडी थांबवून मी त्याला गाठलं.

"ही माती भरू नगा. भाइरनं मुरूम आणून घाला. न्हाई तर घर फुटंल."

तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "वाळूचं सांगितलं तसंच न्हवं?" आणि मजुरांकडे वळला, "टाका रं, आटपा लवकर."

सुभेदार तिथेच होते. मळका लष्करी बनियन घालून, बादलीनं त्याच मातीवर पाणी मारत होते. उभा जन्म बराकीत आणि सरकारी क्वार्टरात गेलेला, हे त्यांचं पहिलं घर. त्यांना बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगितली असती तरी पुरलं असतं. पण दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाशी कामाचं बोलायचं नाही, हा आमच्यातला नियम. एकमेकांना खरं सांगायचा नियम आम्ही कधी केला नव्हता, हा गिऱ्हाइकाचा नियम मात्र सगळे पाळायचे. मी किक मारली आणि निघून आलो. वाळूचं खोटं मी एक वेळ विसरलो असतो, ती किक विसरता येत नाही.

दीड-दोन वर्षांनी सुभेदारांनी मला बोलावून घेतलं. साताऱ्याचा ठेकेदार तोवर गाशा गुंडाळून गेला होता. माजघराची फरशी मधोमध वर आली होती. कोपऱ्यातली भेग खालून निघून थेट आढ्यापर्यंत गेलेली. विंचू शिरतात म्हणून सुभेदारांच्या बायकोनं तिच्यात चिंध्या कोंबल्या होत्या. मी भिंतीवर उगाच टिचक्या मारून बघितल्या. खालची माती सगळी उपसल्याशिवाय इलाज नव्हता, आणि ती उपसायला घर पाडावं लागलं असतं.

सुभेदार म्हणाले, "लय शिव्या घातल्या बगा त्याला. अडाणी म्हनलो, चोर म्हनलो. खाली मान घालून ऐकून घेतलं त्यानं." मग म्हणाले, "तुमी त्या दिशी आला हुता न्हवं? काय सांगत हुता त्याला?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "आपलं सहज."

त्यांनी मान हलवली. "आमचंच नशीब. तुमीच आदी भेटायला पायजे हुता."

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. त्या वर आलेल्या फरशीवर बसून मी तो प्यायलो.