विहिरीतला गॅस

माझ्या मोठ्या भावाचे डोळे एका शब्दापायी गेले. शब्द साधाच आहे, गॅस. आमच्या मोताळ्याच्या भागात स्वयंपाकघरातला गॅस पेटतो आणि विहिरीतला गॅस विझवतो. हे दोन वेगळे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विहिरीत गॅस झाला म्हणजे खालची हवा खराब झाली, उतरणारा माणूस गुदमरून मरणार. म्हणून आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर मुकाट्यानं घरी जायचं.

शेजारच्या गावात गाळ काढायला उतरलेले बापलेक असेच गेले. त्यांना दोर लावून वर ओढणाऱ्यांत भाऊ होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याचं झालं. मोबाइलला बॅटरी असूनही त्यानं गोठ्यात कंदील टांगून ठेवला. काच फुटली की तो बाजारातल्या पत्राकाम करणाऱ्या चाचांकडे न्यायचा. चाचा हसायचे, "अब कौन जलाता है इसको?" भाऊ म्हणायचा, "ज्याले मरायचं नाही तो."

आमच्या विहिरीच्या तळाशी बोअर मारलेला आहे. त्यातून पाण्यासोबत सारखे बुडबुडे येत. भाऊ म्हणे, "खाली कोणी हुक्का ओढून राह्यला." मागच्या हिवाळ्यात त्या बुडबुड्यांचा माग काढत सर्वेक्षणवाले आले. जमिनीच्या पोटात आपोआप तयार होणारा हायड्रोजन शोधतोय म्हणाले. हायड्रोजन पाण्यात असतो, एवढं भावानं शाळेत वाचलेलं होतं. "पाण्यातलाच आहे, मंग काय भेव?" म्हणत त्यानं त्यांना चहा पाजला. त्यांनी विहिरीवर जाड ताडपत्री ताणली, कडा मातीनं दाबल्या, मधून एक नळी काढली. वायू साठला की मोजायला येऊ म्हणाले. जाताना त्यांच्यातला एक जण भावाला बजावून गेला, "भैया, कुएं में गॅस है. उतरना मत."

बस, एवढंच. 'पेटतो' ही तीन अक्षरं त्या शहाण्याच्या तोंडून निघाली नाहीत. उद्या याच वायूवर गाड्या चालवायच्या आहेत, हे आम्हाला मागाहून पेपरात कळलं. आता विहिरीभोवती तारेचं कुंपण आहे आणि 'ज्वलनशील' लिहिलेला लाल बोर्ड. वरातीमागून घोडं! तो बोर्ड दिसला की माझं डोकं फिरतं. एकदा मी त्याला दगड मारला. नेम चुकला, म्हणून आणखी चिडलो.

ते साहेब मोजायला यायच्या आतच आमची मोटर पाणी ओढेनाशी झाली. हरभरा घाट्यावर आलेला, दाणा भरायचे दिवस, पाणी लांबवता येत नव्हतं. पाइपाच्या तोंडाशी कचरा अडकला असणार, खाली उतरूनच काढावा लागणार होता. मी म्हटलं, "भाऊ, त्यानं गॅस आहे म्हणून सांगतलं ना?"

"म्हणूनच तर कंदील आणला बे. तुले काय वाटते, मले जिवाचं भेव नाही?"

भरदुपार होती. मी ताडपत्रीचं एक टोक उचलून धरलं आणि भाऊ काठावर पालथा पडून कंदील आत सोडू लागला. इतका सावध माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दोर बोटाबोटानं सोडत होता. ज्योत बारीक होते का हे पाहायला त्यानं डोळे तिच्यावर रोखले होते. पापणीसुद्धा लववत नव्हता.

जाळ मला दिसलाच नाही. धडाका झाला, ताडपत्री हातातून गेली आणि मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन आदळलो. माझे हात भाजले होते, ते नंतर कळलं. तेव्हा मी नुसता "भाऊ, भाऊ" ओरडत सुटलो.

तो काठापासून मागं फेकला जाऊन उताणा पडला होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. त्यानं चाचपडत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"अंधार झाला बे," तो म्हणाला. "कंदील इझला ना?"

मला रडू फुटलं.

"म्या म्हटलं नोतं, खाली गॅस आहे?" मनगट न सोडता तो म्हणाला. "आता तू उतरू नोको."