पास्कूने न उघडलेली पोती

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर मी इथे अरबी मुलखात, मुलाकडे सलालाहलाच राहतो. इथले जुने लोक अजून म्हणतात, पक्ष्यांच्या बेटावर उंदीर आले ते पास्कूच्या हलगर्जीमुळे. ते खोटं आहे.

पास्कू वसईचा. तरुणपणी दूर दक्षिणेकडच्या एका थंड बेटावर, संशोधकांच्या तळावर स्वयंपाकी होता. पुढे इथल्या समुद्रपक्ष्यांच्या बेटावरचा तळ त्याच्याकडे आला. माल पाठवणारं धक्क्यावरचं गोदाम माझ्याकडे होतं. बोटीत चढवण्याआधी तो प्रत्येक पोतं ताडपत्रीवर रिकामं करी. माझी बॅगसुद्धा त्यातून सुटत नसे.

"सोनं शोधतोस काय रे?" मी चिडवायचो.

"उंदीर पोहत येत नाही, परबा. आपणच त्याला बोटीत बसवतो, वर जेवायला घालतो."

त्या थंड बेटाबद्दल बोलताना मात्र तो थट्टा करत नसे. जहाजांतून तिथे पोचलेले घरातले साधे उंदीर. हिवाळ्यात बिया आणि किडे संपले की ते पक्ष्यांची पिल्लं जिवंत कुरतडत. "हंसाएवढं पिल्लू, पण हलत नाही रे. आई शेजारी बसून बघते. उंदीर म्हणजे काय, हेच त्यांना ठाऊक नाही."

त्या वर्षी खरीफ, म्हणजे इथला पावसाळा, तोंडावर आला होता. पावसाळी समुद्र खवळला की बोटी बंद, म्हणून ही शेवटची फेरी. नावाडी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. पास्कू ताडपत्री पसरू लागला, तसा मी म्हणालो, "गोदामात सगळं उघडून बघितलंय मी."

बघितलं नव्हतं. मला घरी जेवायला जायचं होतं.

"तू बघितलंस ना? मग मी बघितलं." त्याने ताडपत्री गुंडाळली.

खरीफ संपला तेव्हा बेटावरच्या कोठीत लेंड्या होत्या आणि घरट्यांत कुरतडलेली पिल्लं. अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, आम्हाला दोघांना बोलावून विचारलं, "माल कोणी तपासला?"

"ते काम माझं," पास्कू म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्याची नोकरी खलास झाली, माझी टिकली. बेटावर आजही पिंजरे लावावे लागतात.

पुढे एकदा मी वसईला गेलो. मत्रहच्या बाजारातून घेतलेला खजुराचा डबा त्याच्या हातात ठेवला. सवयीने त्याने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, झाकणाला हात घातला आणि थांबला.

"तू आणलायस ना?" तो हसला. "मग कशाला बघायचं?"

वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं. पास्कू, त्या दिवशी मी एकही पोतं उघडलं नव्हतं, मला माफ कर. त्याच्या बायकोने चहा आणला. मी चहा प्यालो आणि निघालो.