आठवीच्या वर्गाचे बेंच

आठवीच्या वर्गासाठी नवे बेंच निवडायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं. "बाई, वर्गशिक्षिका तुम्ही, मुलांचं तुम्हालाच कळतं," म्हणाले. मला साधी चप्पल एका दुकानात पसंत पडत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आमची शाळा बजाजनगरातली. वाळूजच्या एका वर्कशॉपवाल्यानं नमुन्याचे दोन बेंच आणून ठेवले, एक बुटका आणि एक उंच. "पाय जमिनीला टेकले पाहिजेत, गुडघे अडकायला नकोत, पाठीला आधार पाहिजे," एवढं सांगून तो गेला. कबूल, पण कोणाचे पाय आणि कोणाचे गुडघे? माझ्या वर्गात एक मुलगा माझ्या कोपरापर्यंत येतो आणि एक मुलगी माझ्याहून उंच आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या मुलीची आई आदल्याच आठवड्यात येऊन गेली होती. "पोरगी घरी आली की आडवीच होती, बाई. पाठ लई दुखती म्हणती, अभ्यासाला बसतच नाय. तुमचे बेंचच बारके हायेत." मलाही ते पटलं होतं. शेवटच्या बेंचवर ती वहीवर पार दुमडून बसलेली मी रोज बघत होते.

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून मी तिलाच उंच बेंचवर बसवलं. गुडघे आरामात आत गेले, पाय टेकले, पाठही टेकली. मी खूश झाले. पण जरा वेळानं बघते तर ती पुन्हा वाकलेली.

"टोचतंय का गं?"

"नाय, बाई."

"मग नीट का बसत नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "आई म्हणती, लई उंच दिसतीस, जरा वाकून ऱ्हात जा."

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी आईला बोलावून घेतलं. वर्गाचं दार चांगलं उंच, तरी ती वाकूनच आत आली. तिला त्याच बेंचवर बसवून मी सरळ म्हणाले, "पोरीची पाठ तुम्हीच वाकवताय."

ती म्हणाली, "मला बघायला यायचे अन् उंची बघून माघारी जायचे, बाई. तिच्या वाट्याला ते नको." उठता उठता तिनं माझ्याकडं बघितलं. "बसू द्या तिला सरळ. पण मागच्याच बेंचवर. तिथं मागून बघायला कुणी नसतं."

मी उंच बेंच मागवले, बुटक्या मुलांसाठी खाली पाय ठेवायला पट्टी लावून घेतली. आता ती मागं ताठ बसते. पाठ दुखत नाही म्हणते. फळ्याजवळ बोलावलं की मात्र जागेवरून उठतानाच वाकते आणि तशीच चालत पुढं येते. यावर कुठला बेंच घ्यायचा असतो, ते मला अजून कळलेलं नाही.